विचारांमधला ‘मीच’ कसा पकडावा: ध्यानाची एक साधी रीत

अहंकार म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो तोऱ्यात वावरणारा, दुसऱ्याला तुच्छ लेखणारा माणूस. त्यामुळे आपण स्वतःला त्या यादीतून अलगद वगळतो, आणि अहंकार तिथेच निसटतो. मूळ शब्द इतका भारदस्त नाही: ‘अहम्’ म्हणजे मी आणि ‘कार’ म्हणजे करणं. सांख्य या प्राचीन भारतीय दर्शनात बुद्धी, अहंकार आणि मन मिळून अंतःकरण, म्हणजे आतलं साधन, होतं. म्हणजे तिथे अहंकार हा दुर्गुण नसून एक कामकरी अवयव आहे. समोर येईल त्यावर ‘हे माझं, हे मला’ असा शिक्का मारत बसणं हे त्याचं काम. ध्यानात आपल्याला तो शिक्का उमटताना पाहायचा आहे. पुसायचा नाही.

आधी बैठक

रोज दहा मिनिटं पुरेत. मांडी घाला किंवा खुर्चीवर बसा. पाठ सरळ असावी, ताणलेली नको. गजर लावून ठेवा, नाहीतर ‘किती वेळ झाला’ याचंच ध्यान होतं. लक्ष नाकपुडीपाशी किंवा पोटापाशी, जिथे श्वास स्पष्ट जाणवेल तिथे. मन भरकटलं की परत आणायचं.

पहिला आठवडा एवढंच करा. अहंकाराच्या शोधात लगेच निघू नका. पाय टेकायला जागा नसताना विचार बघायला गेलं की माणूस विचारातच वाहून जातो.

मग ‘च’ ऐका

दुसऱ्या आठवड्यापासून, मन भरकटल्याचं लक्षात आलं की परत येण्याआधी क्षणभर थांबा आणि आत्ताचा विचार शब्दांत कसा होता ते आठवा. ‘उद्या बिल भरायचं आहे’ हा साधा बेत आहे, तो सोडून द्या. ‘बिलाचं लक्षात मलाच ठेवावं लागतं’ हा आपला मासा! काम तेच, फक्त मध्ये कुणीतरी येऊन बसलंय. मराठीने या कामासाठी एक छोटंसं अक्षर आयतं दिलं आहे: ‘च’. मीच, मलाच, माझंच, माझ्याच वाट्याला. मनातल्या बोलण्यात हा ‘च’ ऐकू आला की बहुतेक वेळा शिक्का नुकताच उमटलेला असतो. ‘मी तर’ आणि ‘मी म्हणून’ ही त्याची भावंडं.

एका शब्दाची नोंद

सापडलेल्या विचाराला एक शब्द द्या आणि श्वासाकडे परत या. अनुभवाला असं नाव देऊन सोडण्याची पद्धत विसाव्या शतकात म्यानमारचे भिक्खू महासी सयाडो (1904–1982) यांच्या शिकवणीतून दूरवर पोहोचली. नावं आपल्या सोयीची ठेवावीत. मला चार पुरतात. झालेल्या भांडणात मनातल्या मनात आपली बाजू मांडत बसलो तर ‘वकिली’. उद्याच्या बैठकीत आपण काय बोलू आणि लोक कसे चकित होतील, ही ‘तालीम’. बाकीची दोन म्हणजे ‘तुलना’ आणि ‘रडगाणं’.

रडगाण्यापाशी जरा रेंगाळा, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. ‘मी कुणापेक्षा भारी’ हे पकडणं सोपं असतं. ‘माझ्याने काहीच होत नाही, मी असाच’ हे मात्र नम्रतेचे कपडे घालून येतं. बौद्ध परंपरेत स्वतःला असं मोजत बसण्याला ‘मान’ म्हणतात आणि त्याचे तीन प्रकार सांगतात: मी श्रेष्ठ, मी बरोबरीचा, मी हीन. तिन्हींत मोजपट्टी एकच आणि तिच्या मध्यभागी ‘मी’. मला स्वतःला हे पटायला बरेच महिने लागले. स्वतःला बोल लावणं म्हणजे प्रामाणिकपणा, असंच वाटायचं.

शब्द सापडत नसेल तर शरीर पाहा. वकिली चालू असताना जबडा आवळलेला असतो, तुलनेत पोटात काहीतरी खाली सरकतं. निदान माझं असं होतं. तुमच्या खुणा वेगळ्या असतील. विचार विरल्यावरही ही आवळ थोडा वेळ राहते, म्हणून ती हाती लागते.

पकडणाऱ्यालाही पकडा

आठ-दहा दिवसांत एक मजेशीर विचार येतो: ‘वा, आज मी किती वेळा पकडलं!’ त्यालाही नाव द्या, ‘शाबासकी’. आज एकही सापडला नाही म्हणून खट्टू झालात तर ते रडगाणं. पण पाहणाऱ्याला पाहणारा कोण, या गिरकीत शिरू नका. ती विचारांचीच करमणूक आहे. श्वासावर या.

इतके ‘मी’ पाहून लाजायचंही कारण नाही. 2001 मध्ये मार्कस राइकल आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या ‘डिफॉल्ट मोड’ची कल्पना मांडली. हाती ठरावीक काम नसताना मेंदूचे काही भाग अधिक सक्रिय असतात, आणि स्वतःविषयीच्या विचारांशी त्यांचा जवळचा संबंध दिसतो. रिकामं मन स्वतःकडे वळतं, एवढाच त्याचा अर्थ.

एक मात्र सांभाळा. बसल्यावर भीती दाटून येत असेल, आपण खरे नाहीच असं वाटू लागलं असेल किंवा जुने आघात उसळत असतील, तर डोळे उघडा, उठा, चार पावलं चाला. पुन्हा पुन्हा तसंच झालं तर हा सराव बाजूला ठेवून समुपदेशकाशी बोला.

बैठकीबाहेर

उठल्यावर वहीत एकच ओळ लिहा: आज कोणता शब्द जास्त वेळा आला. महिन्याभराने वही चाळली की आपला लाडका शब्द कळतो. दिवसभरासाठी मी एकच वाक्य नेमून घेतलं आहे, ‘मी म्हटलंच होतं’. ते ओठांवर आलं की एक श्वास घ्यायचा. कधी कधी ते तोंडातून निघून गेल्यावर श्वास आठवतो. तेव्हा उशिरा घेतो.