कोंबांचा प्रयोग करताय? आधी मोबाइल बाहेर ठेवा

एम.एस्सी.ला प्रकाशानुवर्तनाचा, म्हणजे कोंब उजेडाकडे वाकतात त्याचा, प्रोजेक्ट घेतलेल्यांसाठी लिहितेय. डार्विननं 1880 मध्ये कोंबाच्या टोकाला टोपी घालून काय दाखवलं, वेंटनं ओटच्या कोंबांवर वापरलेले आगरच्या जेलीचे तुकडे, हे सगळं तुम्हाला पाठ असणारच. ओट शोधत कोल्हापूरभर फिरू नका, गव्हाचे कोंब छान चालतात.

माझा सव्वा महिना गेला तो दुसऱ्याच गोष्टीत. राजारामपुरीतल्या खोलीत दोन खोकी केली होती. एकाला उजेडासाठी फट, दुसरं तुलनेसाठी पूर्ण बंद. बंद खोक्यातले कोंबही वाकायचे! तीनदा पेरलं, तीनदा तेच. मार्गदर्शक म्हणाले, बियाणं बदल. बदललं. खोक्याला चिकटपट्टीचे थर चढवले. शेवटी प्रयोगशाळेतल्या मामांनी विचारलं, "पोरी, रातच्याला बघतीस कशानं?"

मोबाइलच्या टॉर्चनं. दर तासा-दोन तासांनी, झाकण उचलून. आणि कोंब वाकायचे ते मी उभी राहायची त्याच बाजूला.

हे नीट समजून घ्या. अंधारात वाढलेला कोंब फार हळवा असतो, निळ्या उजेडाचे काही सेकंदही त्याला पुरतात. टॉर्च पांढरी दिसते, पण त्या एलईडीत निळा भाग भरपूर असतो आणि कोंबातलं फोटोट्रोपिन हे प्रथिन नेमका तोच टिपतं. झाकण लावलं म्हणून काही थांबत नाही. ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक सावलीच्या बाजूला सरकतं, तिकडच्या पेशी जास्त लांबतात आणि तास-दीड तासात कोंब उजेडाकडे झुकलेला दिसतो. उजेडात ऑक्सिन नष्ट होतं असं तोंडी परीक्षेत चुकूनही म्हणू नका, ते बाजू बदलतं.

बघायचंच असेल तर लाल एलईडी वापरा. लाल उजेडानं गव्हाचा कोंब वाकत नाही. पण लाल उजेड टिपणारं फायटोक्रोम जागं होऊन वाढ बदलते, म्हणून तोही मोजण्यापुरताच. टॉर्चला लाल जिलेटीन कागद गुंडाळण्याच्या भानगडीत पडू नका, त्यातून निळा गळत नाही याचा भरवसा नाही.

तयार प्रोजेक्ट विकत मिळतात, घेऊ नका. "तुलनेचे कोंब कुठं ठेवले होते?" एवढ्या एका प्रश्नावर सगळं उघडं पडतं. मार्गदर्शक निवडताना नाव बघू नका, तुमचं खोकं येऊन बघणारा माणूस बघा. पहिले दोन-तीन प्रयत्न फुकट गेले तर घाबरू नका, गहू चार दिवसांत पुन्हा उगवतो. मला चौथ्या वेळी बंद खोक्यात सरळ उभे कोंब दिसले तेव्हा रडू आलं होतं.

आणि फोटोसाठी कॅमेरा नेणार असाल तर त्याचा फ्लॅश खोलीबाहेरच बंद करा.