जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवरचे दिवे: या चुका टाळा

जुनी मारुती ८०० असो वा ओम्नी, चावी ऑन केली की इंजिन सुरू होण्याआधी ऑइलचा आणि बॅटरीचा दिवा पेटलाच पाहिजे. एकही दिवा नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजून निघणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. बल्बच गेला असेल तर ऑइल संपलं तरी तुम्हाला कळणार नाही.

दिवा पेटला की थेट सेन्सर बदलायचा, ही दुसरी. ऑइलचा दिवा चालत्या गाडीत पेटला तर आधी इंजिन बंद, मग डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी. ऑइल बरोबर असेल तर वायरिंग बघा. या दिव्याला अर्थ (बॉडीशी होणारी निगेटिव्ह जोडणी) मिळतो तो इंजिनावरच्या ऑइल प्रेशर स्विचमधून. इंजिन बंद, चावी ऑन, आणि स्विचची वायर काढा. तरी दिवा पेटलेलाच? मग वायर कुठेतरी बॉडीला लागतेय. विझला तर दोष स्विचचा की प्रेशरच कमी, हे प्रेशर गेज लावल्याशिवाय कळत नाही. तोवर गाडी पळवू नका. दिवा मुळीच पेटत नसेल तर तीच वायर इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा. पेटला तर स्विच गेला, नाही पेटला तर बल्ब, फ्यूज नाहीतर वायर.

गोव्यात मात्र मी आधी अर्थच बघेन. कळंगुट-मिरामारची खारी हवा, वर चार महिन्यांचा पाऊस. अर्थच्या नटाखाली गंज धरतोच. मीटरचा अर्थ सुटला की इंडिकेटर दिल्यावर भलताच दिवा मंद लुकलुकतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, नट खोला, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत करा, आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली चोपडा. खर्च जवळजवळ शून्य.

बॅटरीचा दिवा पेटला तर पहिल्यांदा फॅन बेल्ट बघा, मग मल्टिमीटर लावा: इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असताना १३.५ ते १४.५. चालू इंजिनात बॅटरीची तार काढून ऑल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) तपासायची गॅरेजवाल्यांची जुनी खोड आहे. ती करू देऊ नका, ऑल्टरनेटरमधले डायोड उडतात. या दिव्याच्या जागी एलईडीही बसवू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत ऑल्टरनेटरला सुरुवातीचा करंट याच बल्बमधून जातो, एलईडीने तो पुरत नाही आणि चार्जिंगच सुरू होत नाही.

आणि हँडब्रेक सोडूनही ब्रेकचा दिवा पेटत असेल तर नुसतं ब्रेक ऑइल ओतू नका. गळती आणि पॅड दोन्ही तपासून घ्या.