पाच वर्षं मोजणाऱ्यांसाठी

ब्रिटनमध्ये उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात आपण सगळे एक तारीख मनाशी धरतो. आजपासून पाच वर्षांनी आयएलआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी. घर त्यानंतर घेऊ, दुसरं मूल त्यानंतर, आईबाबांना आणायचं तेही त्यानंतरच. मी २००५ च्या ऑगस्टमध्ये सांगलीहून रेडिंगला आले तेव्हा माझीही अशी तारीख होती. त्या वेळी चार वर्षं लागत. एप्रिल २००६ मध्ये चाराची पाच झाली आणि ती आधी आलेल्यांनाही लावली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आमच्या एचएसएमपी, म्हणजे उच्चकुशल लोकांसाठीच्या, व्हिसाच्या मुदतवाढीची गुणपद्धत बदलली आणि तिकडची नोकरी सोडून, राहतं घर विकून आलेली माणसं अपात्र ठरू लागली. काही जण एचएसएमपी फोरम नावाने एकत्र आले आणि हायकोर्टात गेले. मुदतवाढीचा निकाल एप्रिल २००८ मध्ये आपल्या बाजूने लागला, चार वर्षांचा त्यानंतर वर्षभराने. तोवर कित्येक घरं परत गेली होती.

हे जुनं प्रकरण मुद्दाम सांगते, कारण तुमच्यासमोर तेच उभं आहे. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने पाचाची दहा वर्षं करण्याचं ठरवलं. नोव्हेंबरमध्ये मांडलेल्या आराखड्यात पदवीपेक्षा कमी पातळीच्या कामांसाठी, म्हणजे केअर वर्करसारख्यांसाठी, पंधरा वर्षांचा प्रस्ताव होता, आणि आधीच इथे राहणाऱ्यांनाही तो लागू करण्याचा विचार. तुमच्या अर्जाच्या दिवशी जो नियम असेल तोच खरा. तो सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा, व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्हे. आणि ती तारीख कागदावर जरूर ठेवा, पण संसारातली सगळी कामं तिच्या पलीकडे ढकलू नका.

आता कागद. विंडरश प्रकरण तुम्ही ऐकलं असेल. कॅरिबियन बेटांतून १९४८ पासून आलेली माणसं, त्यातली कित्येक आईवडिलांचं बोट धरून आलेली, पूर्ण हक्काने इथे राहत होती. २०१२ नंतर सरकारने ‘प्रतिकूल वातावरणा’चं धोरण आणलं, २०१४ आणि २०१६ च्या कायद्यांनी घरमालक, नोकरी देणारी कंपनी, बँक, इस्पितळ सगळ्यांना कागद तपासायला लावलं, आणि चाळीस-पन्नास वर्षं इथे कर भरलेल्यांना ‘पुरावा दाखवा’ म्हटलं गेलं. नोकऱ्या गेल्या, कर्करोगाचे उपचार अडले, काहींना देशाबाहेर घालवलं. २०१८ मध्ये गृहमंत्री अंबर रड यांना पद सोडावं लागलं. त्या लोकांचा गुन्हा एवढाच की त्यांनी पावत्या जपल्या नव्हत्या.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक फाईल करा. पे-स्लिप, पी-६० म्हणजे वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, भाडेकरार, कौन्सिल टॅक्सची म्हणजे घरपट्टीसारख्या स्थानिक कराची बिलं, प्रत्येक प्रवासाची जाण्यायेण्याची तारीख. आयएलआरसाठी कोणत्याही बारा महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलेलं सहसा चालत नाही, आणि पाच वर्षांनी आठवून तारखा भरणं फार जिकिरीचं होतं. आता व्हिसाचं कार्ड नसतं, ई-व्हिसा असतो. नवा पासपोर्ट काढलात तर त्याचा क्रमांक आपल्या यूकेव्हीआय, म्हणजे सरकारच्या व्हिसा विभागाच्या, ऑनलाइन खात्यात त्याच आठवड्यात टाका, नाहीतर मुंबईच्या विमानतळावर चेक-इनच्या रांगेत अडकाल.

करविवरणपत्रातलं उत्पन्न आणि व्हिसाच्या अर्जातलं उत्पन्न जुळलंच पाहिजे. आकड्यांतल्या तफावतीवरून टिअर वन या उच्चकुशल व्हिसावरच्या अनेक उच्चशिक्षित लोकांना ‘अनिष्ट’ ठरवून आयएलआर नाकारली गेली. त्यात आपले इंजिनिअर, डॉक्टर होते. एप्रिल २०१९ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की अप्रामाणिकपणाचा ठपका ठेवण्याआधी माणसाला बाजू मांडायची संधी द्यायला हवी होती. अकाउंटंट स्वस्त मिळाला म्हणून त्याने भरलेला फॉर्म न वाचता सही करू नका.

भाड्याचं घर शोधताना इंग्लंडमध्ये मालक तुमचा शेअर कोड, म्हणजे व्हिसा ऑनलाइन तपासायचा क्रमांक, मागेल, कायद्यानेच मागेल. पण कोड दिल्यावरही फोन उचलणं बंद होतं तेव्हा मन खट्टू होतं. तुमच्यात काही कमी आहे म्हणून ते होत नाही. २०१९ मध्ये हायकोर्टाने म्हटलं की या तपासणीमुळे घरमालक परक्या नावाच्या, परक्या रंगाच्या माणसांना टाळतात. पुढच्या वर्षी अपिलात कायदा टिकला, पण भेदभाव होतो हे त्या न्यायालयानेही नाकारलं नाही. सुरुवातीला एखाद्या मराठी घरात खोली घेणं सोपं जातं.

पैशांचा हिशोब विमानात बसण्याआधीच करा. आरोग्य सरचार्ज, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायची रक्कम, प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६. दोघं नवराबायको, दोन मुलं, पाच वर्षांचा व्हिसा, म्हणजे १८,११० पौंड, तेही एकरकमी, आधी. व्हिसाची फी वेगळी. २०१५ मध्ये हाच सरचार्ज २०० पौंड होता. हेल्थ अँड केअर व्हिसावाल्यांना तो माफ आहे. बाकीच्यांनी त्यासाठी कर्ज काढलंच तर ते घरच्यांना माहीत असू द्या. लपवलेल्या कर्जाने इथे किती संसार आतून पोखरले ते मी पाहिलंय.

व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी भत्ते घेता येणार नाहीत, असं असतं. त्याचा लोक भलताच अर्थ लावतात आणि मूल तापाने फणफणलं तरी दवाखान्यात जात नाहीत. जीपी म्हणजे भागातल्या डॉक्टरकडे नाव नोंदवणं, एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेचे उपचार, मुलांची सरकारी शाळा, यातलं काहीही ‘पब्लिक फंड्स’मध्ये येत नाही. युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट हे भत्ते येतात, ते घेऊ नका. कौन्सिल टॅक्समध्ये एकट्या राहणाऱ्याला मिळणारी पाव सूट चालते, पण कमी उत्पन्नावरची टॅक्स रिडक्शन चालत नाही. फॉर्मवर दोन्ही शेजारी असतात, नीट बघून खूण करा.

केअर होममध्ये आलेल्या मुलामुलींशी मला जरा जास्त बोलायचंय. २०२२ मध्ये सरकारने तुम्हाला बोलावलं, कारण म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालायला, भरवायला इथे हात नव्हते. मार्च २०२४ मध्ये सांगितलं की नव्याने येणाऱ्यांनी नवरा, बायको, मुलं आणायची नाहीत. जुलै २०२५ मध्ये परदेशातून भरतीच बंद केली. ज्यांनी दुसऱ्यांच्या आईवडिलांची सेवा करायची, त्यांनी स्वतःचं तान्हं मूल सासूकडे ठेवून यायचं, हा नियम मला आजही क्रूर वाटतो आणि तसं मी इथल्या खासदाराला पत्रात लिहिलंय. तुम्हीही लिहा. तुम्ही त्यांच्या मतदारसंघात राहता, आणि राष्ट्रकुलातल्या देशाचे नागरिक म्हणून तुम्हाला इथे मतही देता येतं.

माझ्या ओळखीची जतकडची एक मुलगी एजंटाला लाखो रुपये देऊन आली. त्यासाठी वडिलांनी जमीन गहाण टाकली होती. इथे आल्यावर कळलं की काम आठवड्याला दहा तासांचंच, तेही कधी मिळे, कधी नाही. वर मॅनेजर म्हणे, तक्रार केलीस तर व्हिसा रद्द करवीन. ती सात महिने गप्प राहिली. त्या गप्प राहण्यानेच तिचं जास्त नुकसान झालं. तेव्हा एवढं लक्षात असू द्या. सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपची, म्हणजे व्हिसासाठी कंपनीने द्यायच्या दाखल्याची, फी किंवा परदेशी कामगार ठेवल्याबद्दल कंपनीने सरकारला भरायचा स्किल्स चार्ज मालकाने तुमच्याकडून वसूल करायचा नसतो. कंपनीचं परदेशी कामगार आणण्याचं लायसन्स गेलं किंवा नोकरी गेली तर होम ऑफिसच्या, म्हणजे गृहखात्याच्या, पत्रानंतर साधारण ६० दिवस हातात असतात, आणि ते पत्र ईमेलने येतं, म्हणून स्पॅम फोल्डरही बघा. एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमधल्या केअर कंपन्यांनी आधी इथेच अडकलेल्या कामगारांना विचारायचं, असा नियम आहे. विस्थापित केअर वर्करसाठी प्रादेशिक मदतगट आहेत. पहिल्या पगारातून युनियनची वर्गणी भरा. युनिसन या युनियनमध्ये केअर वर्कर पुष्कळ आहेत.

सल्ला फक्त नोंदणीकृत सल्लागाराचा किंवा सॉलिसिटरचा घ्या. नोंदणी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं हा इथे गुन्हा आहे, आणि किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत बसलेले ‘कन्सल्टंट’ तो रोज करतात.

डिपेंडंट व्हिसावर आलेल्या बायकांनो, तुमच्यासाठी एक ओळ वेगळी. नवरा मारत असेल आणि वर ‘तुझा व्हिसा माझ्या हातात आहे’ म्हणत असेल, तर त्याच्या हातात जेवढं आहे असं तो सांगतो तेवढं नाही. २०२४ पासून कामगाराच्या आणि विद्यार्थ्याच्या जोडीदारालाही अशा वेळी स्वतःच्या नावावर तीन महिन्यांची तात्पुरती परवानगी आणि सरकारी मदत मागता येते. जीपीला सांगा, मुलाच्या शाळेत सांगा. पासपोर्टचा फोटो बहिणीला पाठवून ठेवा.

मूल इथे जन्मलं म्हणून ब्रिटिश होत नाही. १९८३ पासून आईबाबांपैकी एकाला तरी नागरिकत्व किंवा आयएलआर असावं लागतं. बाळाचा भारतीय पासपोर्ट आणि त्याचा व्हिसा, दोन्ही काढा.

आणि आईबाबा. यावर लिहायचं म्हणून मी हा सगळा खटाटोप मांडला.

२००९ च्या दिवाळीच्या सुमारास आमचा आयएलआरचा अर्ज गेला होता. जास्त पैसे भरून त्याच दिवशी निकाल मिळण्याची सोय होती. आम्ही पैसे वाचवले, अर्ज पोस्टाने पाठवला, सोबत पासपोर्ट. तीन आठवड्यांनी मिरजेहून भावाचा फोन आला, बाबांना दवाखान्यात ठेवलंय. पासपोर्ट परत मागितला असता तर अर्ज मागे घेतला असं धरलं गेलं असतं. भाऊ म्हणाला, थांब, आता बरे आहेत. चौथ्या दिवशी बाबा गेले. दहावं-तेरावं मी फोन कानाला लावून ऐकलं. मंजुरीचं पत्र फेब्रुवारीत आलं, तेव्हा नवऱ्याने पेढे आणले नाहीत.

आता पासपोर्ट तुमच्याच जवळ राहतो, त्यामुळे अर्ज चालू असतानाही जाऊन येता येईल असं वाटतं. तसं नाही. निकालाआधी देश सोडलात तर अर्ज मागे घेतला असंच आजही धरतात. म्हणून घरात कोणी आजारी असेल तर अर्जाआधी जाऊन या, नाहीतर सुपर प्रायॉरिटीचे, म्हणजे झटपट निकालाच्या सोयीचे, हजार पौंड बाजूला ठेवा. मी ते वाचवायला नको होते.

आयएलआर मिळाल्यावर आईबाबांना कायमचं आणू, हे मनातून काढून टाका. जुलै २०१२ पासून नियम असा की त्यांना अंघोळ, जेवण, कपडे याला दुसऱ्याचा हात लागत असला पाहिजे, आणि ती काळजी पैसे मोजूनही भारतात मिळत नसली पाहिजे. तुम्ही इथे कमावता म्हणजे तिथे बाई ठेवू शकता, असं उत्तर येतं. आईला बाई नको, मूल हवं असतं, हे त्या फॉर्ममध्ये कुठे लिहिणार? माझी आई ७८ वर्षांची आहे, एकटी राहते आणि फोनवर रोज म्हणते, माझं छान चाललंय.

उरतो तो व्हिजिटर व्हिसा, एका वेळी सहा महिन्यांपर्यंत. वडिलांचं पेन्शन, घराचा उतारा, परतीची कारणं नीट जोडा, आमंत्रणाचं पत्र स्वतः लिहा. ते इथे असताना जीपीला पैसे लागत नाहीत, पण इस्पितळात दाखल झाले तर एनएचएसच्या दीडपट बिल येतं आणि ते थकलं तर पुढचा व्हिसा अडतो. प्रवास विमा घ्या, जुने आजार लिहून घ्या, लपवू नका. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसह आणायला सांगा. आणि लंडनमध्ये डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ पासूनचं. तिथे एकदा तरी घेऊन जा, त्यांच्या वयाची माणसं भेटतात, आईचं तिथे दुपारभर बोलणं चालतं.

एप्रिलअखेर बोलवा, ऑक्टोबरच्या आत परत पाठवा. नोव्हेंबरात चार वाजता अंधार पडतो, त्यांना तो सोसत नाही.