जिल्ह्याच्या वास्तुविशारदाची कारकीर्द कशी नोंदवावी

बेळगाव, खानापूर किंवा निपाणी येथील जुन्या इमारतींचा कर्ता शोधू इच्छिणाऱ्याने आधी वेल्समधील जॉन प्रिचर्ड (१८१७–१८८६) यांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. लँडॅफ धर्मप्रांताचे वास्तुविशारद असलेल्या प्रिचर्ड यांनी आपल्याच मुलखात बहुतेक काम केले, तेथील कॅथेड्रलचा जीर्णोद्धार केला आणि काही वर्षे जॉन सेडन यांच्याशी भागीदारी ठेवली. अशा भागीदारीत हात कोणाचा हे ठरवणे कठीण असते; म्हणून आराखडा, देखरेख आणि कंत्राट यांची नावे पहिल्यापासून वेगवेगळी लिहावीत.

सुरुवात कोनशिलेपासून करावी. जांभ्यावर बारीक अक्षर टिकत नाही, त्यामुळे ती बहुधा काळ्या दगडाची असते. सकाळचे तिरपे ऊन पडले असता झिजलेली अक्षरे उठून दिसतात, तेव्हाच छायाचित्र घ्यावे. उद्घाटकाचे नाव ठळक असते. रचनाकाराचे असलेच तर तळाच्या कडेला सापडते, आणि नेमकी तीच कड चुन्याखाली गेलेली असते!

सीटीएस (शहर भूमापन) उताऱ्यावर मालकी कळते, कर्ता नाही. त्यासाठी पालिकेतील बांधकाम परवानगीच्या नकाशावरील सही पाहावी. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी हा जिल्हा मुंबई राज्यात होता, म्हणून सरकारी इमारतींचा पत्रव्यवहार बंगळूरबरोबरच मुंबईच्या पुराभिलेखागारातही शोधावा. केवळ शैलीच्या साम्यावरून जोडलेल्या इमारतीपुढे मात्र ‘बहुधा’ असे स्पष्ट लिहावे.