भोक पडण्याआधी सुई उचला

शर्टाची कॉलर, पँटची जांघ, मोज्याची टाच, बनियनची काख आणि चादरीचा मधला पट्टा. घरातलं कापड झिजतं ते बहुतेक याच ठिकाणी, आणि त्या वेळी उरलेलं कापड चांगलं ठणठणीत असतं. एका वीतभर जागेसाठी अख्खी पँट टाकून द्यायची हे मला पटत नाही, म्हणून आमच्या घरी सुईदोऱ्याचं खातं माझ्याकडे आहे. बायको मशीनवर माझ्यापेक्षा सफाईदार शिवते, पण उसवायचा तिला कंटाळा. दुरुस्तीत निम्मं काम उसवण्याचंच असतं.

सगळ्यात महत्त्वाचं काम सुई न उचलता होतं. कपडा धुऊन वाळला की घडी घालण्याआधी खिडकीच्या उजेडासमोर धरा. जिथून उजेड जास्त झिरपतो तिथलं कापड विरलंय. आडवे-उभे धागे अजून जागेवर आहेत, नुसते काटकुळे झालेत. या वेळी फक्त मागून आधार द्यायचा असतो. भोक पडल्यावर मात्र धागे नव्याने विणावे लागतात, आणि ते काम कितीतरी वेळखाऊ. विरलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून हलकेच ताणूनही बघा. नुसत्या ताणाने कापड टरकत गेलं आणि ते टरकणं चांगल्या भागापर्यंत पोचलं, तर सरळ फडक्याच्या गठ्ठ्यात टाका. आभाळच फाटलंय, तिथे ठिगळ कुठे कुठे लावणार!

दुसरी गोष्ट दोऱ्याची. दोरा पक्का हवा असं सगळ्यांना वाटतं. माझं मत उलट आहे: दोरा कापडापेक्षा किंचित कमजोरच हवा. ताण आला की काहीतरी तुटणार. दोरा तुटला तर पुन्हा टीप घालता येते, कापड तुटलं तर काय करणार? मऊ पडलेल्या जुन्या सुती कापडावर नायलॉनचा दोरा घातला की काही धुण्यांनंतर दोरा तसाच राहतो आणि त्याच्या कडेने कापड चिरत जातं, पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखं. सुती कापडाला सुती दोरा, लोकरीला लोकर. आणि दोरा एका वेळी हातभर, म्हणजे बोटांपासून कोपरापर्यंतच घ्या. लांब दोऱ्याने सुई ओवायचे कष्ट वाचतात खरे, पण ते गाठी सोडवण्यात दामदुपटीने वसूल होतात.

आता जीन्स, कारण आमच्या घरात सगळ्यात जास्त कामं तिचीच. चालताना मांड्या घासतात, म्हणून दोन पायांच्या मध्ये, शिवणीच्या जरा खाली कापड पांढरं पडतं आणि मग त्यात फक्त आडवे पांढरे धागे उरतात. पँट उलटी करा. ठिगळासाठी जुन्या जीन्सचा गुडघ्याखालचा मागचा भाग घ्या. तो सहसा झिजलेला नसतो. नवं सुती कापड वापरणार असाल तर आधी धुऊन घ्या, नाहीतर पुढच्या धुण्यात ते आटतं आणि भोवतीचं कापड चुरगळून ओढलं जातं.

ठिगळ कापताना विरलेल्या जागेचं माप घेऊ नका. बोटांनी चाचपत चांगलं, जाड कापड कुठे सुरू होतं ते शोधा आणि त्याच्याही पुढे चहूबाजूंनी 2 सेंटिमीटर जास्त धरा. कोपरे गोल कापा, कारण टोकदार कोपरा सगळ्यात आधी सुटतो. कापडाचा उभा धागा पँटच्या उभ्या धाग्यावरच आला पाहिजे. तिरका आला तर ताण पडल्यावर दोन्ही कापडं वेगवेगळी ताणली जातात. जांघेत चार शिवणी एकत्र येऊन तिथे जाड गठ्ठा झालेला असतो. त्यावरून ठिगळ नेऊ नका. दोन तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा शिवणीपर्यंत आणून थांबवा. कडाही आत दुमडायच्या नाहीत, कारण जाड दुमड कातडीला घासते. नुसता काजटाका, म्हणजे काजाच्या कडेला घालतात तसा जवळजवळचा टाका, घालून कड बंद करा.

कच्चे टाके घातले की पँट एकदा अंगावर चढवा आणि खाली बसून बघा. उभं राहून बरोबर वाटणारं ठिगळ मांडी घातली की खेचतं, आणि ते पक्की शिलाई झाल्यावर कळलं तर पुन्हा उसवणं आलं. मग पक्कं काम: धावदोऱ्याच्या उभ्या ओळी, एकमेकींपासून 5-6 मिलिमीटरवर, टाका 3-4 मिलिमीटरचा. ओळींची टोकं मुद्दाम मागेपुढे ठेवा, एक लांब, एक आखूड. सगळ्या ओळी एकाच रेषेत संपवल्या की ताण नेमका त्याच रेषेवर येतो आणि पुढची फाट ठिगळाच्या कडेलगत पडते. दुकानात शिवलेली बरीच ठिगळं मला याच कारणाने आवडत नाहीत. दिसायला चौकोन नीटनेटका असतो, पण त्याच्या चारी कडा म्हणजे फाटण्याच्या खुणाच.

इस्त्रीने चिकटणारं ठिगळ मिळतं, ते वापरा, पण भोवती टाके घाला. नुसत्या डिंकावर धुणं सोसत नाही.

मोज्याचं भोक दोन्ही कडा एकत्र ओढून शिवायचं नाही. तिथे एक कडक वळ तयार होतो आणि तो दिवसभर बुटात टोचत राहतो. रफूच करा. मोज्यात उडालेला बल्ब, गुळगुळीत चेंडू किंवा छोटी वाटी घाला आणि कापड सपाट बसेल इतकंच ताणा. भरतकामाच्या दोऱ्याला 6 पदर असतात, त्यातले 2 किंवा 3 काढून घ्या. गाठ मारू नका, बोटभर शेपूट सोडा आणि शेवटी ती विणीत लपवा. भोकाच्या कडेपासून 1 सेंटिमीटर बाहेर, चांगल्या भागात सुरुवात करून आधी सगळे उभे धागे टाका. प्रत्येक वळणावर दोरा घट्ट ओढायचा नाही. दिसेल न दिसेल असा छोटा फासा मोकळा सोडायचा. मोजा ताणला गेला की रफूला द्यायला तेवढीच जागा असते. मग आडवे धागे, एकाच्या वरून, पुढच्याच्या खालून, आणि पुढच्या ओळीत उलट. प्रत्येक ओळ सुईच्या टोकाने आधीच्या ओळीला खेटवा. बोथट सुई असेल तर बरं, टोकदार सुई धाग्याच्या पोटात घुसते.

टी-शर्ट आणि बनियनचं कापड होजिअरीचं, म्हणजे फाश्यांनी गुंफलेलं. एक फासा तुटला की खालचे ओघळत जातात, म्हणून बारीक भोक दिसलं की त्याच दिवशी सुटे फासे दोऱ्यात पकडून ठेवा, सुंदर दिसलं नाही तरी चालेल.

शर्टाची कॉलर मानेच्या घडीवर फाटली असेल तर ती पलटता येते. कॉलर आणि तिच्या खालची पट्टी यांच्यामधली फक्त एक शिवण उसवा, पट्टी शर्टालाच राहू दे. कॉलर बाहेर काढा, मध्यावर खडूने खूण करा, उलटी करून त्याच फटीत सरकवा, टाचण्या लावा आणि जुन्या भोकांवरूनच टीप घाला. फाटकी बाजू खाली, दुमडीच्या आत लपते. आधी एक बघून घ्या: काही शर्टांच्या कॉलरीला खालच्या बाजूने प्लास्टिकच्या पट्ट्या घालायचे कप्पे असतात. ते पलटल्यावर वर दिसतात. तसा शर्ट घरी घालायला ठेवा.

बटण शिवताना त्याच्यावर काडेपेटीची काडी आडवी ठेवून तिच्यावरून टाके घाला. मग काडी काढा, बटण वर ओढा आणि खाली मोकळ्या राहिलेल्या दोऱ्यांना चार-पाच वेढे द्या. बटणाला मान मिळते आणि जाड कापडाच्या काजात ते रुतत नाही. चेन मागून उघडत असेल तर दात बहुतेक शाबूत असतात, सरकणाऱ्या भागाचा जबडा सैल झालेला असतो. पकडीने त्याच्या मागच्या दोन्ही कडा अगदी हलके दाबा. जड चालत असेल तर कोरडा साबण किंवा पेन्सिलचं शिसं घासा.

आता चादर. मधोमध विरलेली चादर लांबीच्या दिशेने बरोबर मध्यावर उभी कापा आणि बाहेरच्या दोन्ही चांगल्या कडा मध्ये आणून जोडा. विरलेला भाग कडेला जातो, गादीखाली दबतो. जोडाची शिवण सपाट, दोन्ही कडा आत दुमडून घाला, नाहीतर पाठीला लागते. बाहेरच्या विरलेल्या कडा थोड्या छाटून दुमडल्या की झालं. चादर जरा अरुंद होते, पण आणखी काही वर्षं चालते.

रंग उडालेले सुती कपडे घरी रंगवता येतात, फक्त शिलाईचा दोरा पॉलिएस्टरचा असेल तर तो रंग घेत नाही आणि निळ्या शर्टावर जुन्या पांढऱ्या टिपा दिसत राहतात. मुलाला ते आवडलं, आईला नाही.

यातलं काहीच जमण्यासारखं नसेल तर फडकी. कापडावर पाण्याचा थेंब टाका: लगेच शोषलं तर पुसायला ठेवा, थेंब तसाच बसून राहिला तर त्याच्याने काही पुसलं जाणार नाही, ते उशीत भरा. होजिअरीच्या फडक्यांना कड शिवावी लागत नाही, धागे सुटत नाहीत. टी-शर्ट आडवा, 2 सेंटिमीटर रुंदीच्या कड्यांमध्ये कापून प्रत्येक कडी ताणली की कडा आपोआप आत वळतात आणि गोल दोरी तयार होते. विणायला, रोपं बांधायला उत्तम.

आणि कात्री लावण्याआधी सगळं काढून घ्या. बटणं काढून त्या त्या शर्टाची एकाच दोऱ्यात ओवा, सुटी टाकलीत तर एकसारखी चार कधी सापडत नाहीत. आतल्या बाजूच्या शिवणीला जादा बटण टाचलेलं असेल तर तेही घ्या. चेन उसवत बसू नका, दोन्ही बाजूंचं बोटभर कापड ठेवून कापा. पुढे शिवताना तेच कापड धरायला उपयोगी पडतं.