पाऊस ओसरताना लिंबाची नवती सांभाळा: नागअळी आणि कामगंध सापळे

हस्ताचा पाऊस ओसरू लागला की मुरबाड, शहापूरकडच्या बांधांवर आणि वाड्यांमध्ये कागदी लिंबाला नवती, म्हणजे कोवळी पालवी, फुटते. ऑक्टोबरच्या उन्हात ती भराभर वाढते आणि नागअळीही तिच्यावर तितक्याच वेगाने चढते. पानावर चंदेरी नागमोडी रेघ दिसली, पान आखडले, की लोक पंप काढतात. तोवर अळीचे बरेचसे काम आटोपलेले असते. फवारणी कधी करायची, आणि मुख्य म्हणजे कधी करायची नाही, हे ठरवायला मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारा कामगंध सापळा उपयोगी पडतो. त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवा.

या किडीचा पतंग जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा, चंदेरी पांढरा, पंखाच्या टोकाला काळा ठिपका. दिवसा तो नजरेस पडत नाही. संध्याकाळनंतर आणि पहाटे फिरतो. मादी कोवळ्या पानावर, बहुधा खालच्या बाजूला मध्यशिरेजवळ, सुटे सुटे अंडे घालते. भिंगातून ते दवाच्या बारीक थेंबासारखे दिसते. अंड्यातून निघालेली अळी थेट पानाच्या पापुद्र्याखाली शिरते. पोखरलेले पान उजेडात धरून पाहा: वाटेच्या मधोमध विष्ठेची काळपट रेघ असते आणि रेघ जिथे संपते तिथे पिवळसर अळी. पुरी वाढली की ती पानाची कड दुमडून तिथेच कोषात जाते. उबदार हवेत अंड्यापासून पतंगापर्यंत दोन-तीन आठवडे पुरतात. पान जून झाले की मात्र या किडीचे त्यावर काही चालत नाही. म्हणून सगळा खेळ नवतीच्या पहिल्या काही दिवसांचा आहे.

सापळा लावायचा तो नवती फुटण्याच्या आधी. बागेला पाणी किंवा खत देऊन फूट काढणार असाल, तर त्याच्या आठवडाभर आधी. छप्पर असलेला त्रिकोणी डेल्टा सापळा घ्या, तळाला चिकट पत्रा असलेला. तो झाडाच्या घेरात, सावलीच्या बाजूला, छातीच्या उंचीवर टांगा. एकरभर बागेला पाहणीपुरते एक-दोन सापळे पुरेत. दर आठवड्याला ठरल्या दिवशी भिंग घेऊन पतंग मोजा, आकडा वहीत लिहा आणि मोजलेले पतंग काडीने काढून टाका. अमुक पतंग सापडले की फवारा असा एकच आकडा सगळ्या बागांना लागू पडत नाही. तुमच्याच वहीतला आकडा आठवड्यागणिक चढतो आहे का, आणि त्याच वेळी झाडावर नवती आहे का, या दोन गोष्टी एकत्र पाहायच्या. पतंग ढीगभर आणि पाने सगळी जून, तर पंप कोपऱ्यातच राहू द्या.

सापळ्यात फक्त नर येतात, कारण ल्युअरला, म्हणजे सापळ्यात ठेवायच्या आमिषाला, मादीचा वास असतो. चार नर अडकले तरी उरलेले नर माद्यांना पुरून उरतात, शिवाय शेजारच्या वाडीतून मिलन झालेल्या माद्या उडत येतातच. तेव्हा सापळे वाढवून कीड संपेल असे कोणी सांगितले तर पैसे खिशातच ठेवा.

ल्युअर घेताना पाकीट नीट वाचा. दुकानात नुसते ‘नागअळीचा ल्युअर द्या’ म्हटले तर टोमॅटोवरच्या टुटा या किडीचा हातात पडू शकतो. आंब्याच्या फळमाशीसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा किंवा काकडी-कारल्याच्या मांडवातला क्यू ल्युअर इथे कुचकामी आहे. पाकिटावर लिंबूवर्गीय पिकांची नागअळी, म्हणजे फायलोक्निस्टिस सिट्रेला, हेच नाव हवे. न फोडलेले पाकीट फ्रिजमध्ये ठेवा आणि त्यावर लिहिलेल्या मुदतीनंतर ल्युअर बदला. परतीच्या पावसाने किंवा धुळीने पत्र्याचा चिकटपणा गेला, तर शून्य पतंग म्हणजे कीड नाही असे समजू नका.

मोठी, फळावर आलेली झाडे सहसा ही झळ सोसतात. चार-पाच वर्षांच्या आतली झाडे आणि रोपवाटिकेतली कलमे यांना जपावे लागते. कागदी लिंबावर आणखी एक धोका आहे. अळीने फाडलेल्या पापुद्र्यातून खैऱ्या रोगाचे, म्हणजे कँकरचे, जिवाणू आत शिरतात आणि पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतात. म्हणून ओल्या हवेत लहान झाडांकडे कानाडोळा नको. खैऱ्याच्या फांद्या कोरड्या दिवशी छाटून जाळा, मग कॉपर ऑक्सिक्लोराइड (50 टक्के) लिटरला 3 ग्रॅम फवारा.

नागअळीसाठी पहिला मान 5 टक्के निंबोळी अर्काचा. 5 किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी गाळा, थोडे साबणाचे पाणी घालून एकूण 100 लिटर करा. कोवळी पाने बोटाच्या पेराएवढी असताना, संध्याकाळी, पानांच्या खालूनही फवारा. नवती फुटतच असेल तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा. रासायनिक औषध घ्यायची वेळ आलीच, तर लेबलवर लिंबू आणि ही कीड दोन्ही असलेलेच घ्या, फवारणी आणि काढणी यांच्यात लेबलवर लिहिलेले दिवस जाऊ द्या आणि फुलोऱ्यात अजिबात फवारू नका. उठसूट फवारल्याने अळीवर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या आणि कोळी मरतात आणि पुढच्या नवतीला कीड दुपटीने भेटते.

पोखरलेली पाने दिसतात म्हणून झाड छाटू नका. ती पाने अर्धीमुर्धी का होईना अन्न तयार करतात, आणि छाटणीनंतर येणारी फूट म्हणजे अळीला नवे ताट. काढायचे ते पाणसोट, म्हणजे सरळसोट वाढणारे बिनफळाचे फुटवे. युरियाही या दिवसांत हात राखून द्या. नवती थोडी थोडी येत राहण्यापेक्षा एकदम आलेली सांभाळायला सोपी.

ठाणे, ऐरोली, नेरूळच्या गच्चीवर दोन-तीन कुंड्यांत लिंबू असेल तर सापळ्याच्या भानगडीत पडू नका. सकाळी चहा घेताना नवती चाळा, रेघेच्या टोकाशी असलेली अळी चिमटीत दाबा. नर्सरीतून नवे कलम आणले की गाडीतून उतरवतानाच पानांच्या कडा बघा. दुमडलेली कड बोटांत दाबली की आतला कोष चिरडतो. त्यासाठी पान खुडायची गरज नाही.