बीगलचे पिल्लू येण्याआधी: इंदूरच्या घरातली तयारी

तयारीला सुरुवात दुकानातून नको, घरातल्या फरशीवरून करा. पिल्लू यायच्या दोन-तीन आठवडे आधी एकदा गुडघे आणि तळवे टेकून घरभर रांगून घ्या. वीतभर उंचीवरून जे दिसेल आणि तोंडात मावेल ते सगळे यादीत येते: चार्जरची वायर, दिवाणाखाली सरकलेली चप्पल, आजोबांच्या उशाशी ठेवलेला गोळ्यांचा डबा, ओट्याखालची केराची बादली. बीगल हा सशाच्या मागावर टोळीने धावणारा इंग्लिश शिकारी कुत्रा, आणि ही शिकार चालायची नाकावर. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९८४ साली लॉस एंजेलिसच्या विमानतळावर प्रवाशांच्या बॅगांतली फळे आणि मांस हुडकायला हीच जात नेमली. बंद बॅगेतला आंबा ज्याला कळतो, त्याला चिमटा लावलेला शेवेचा पुडा कळणारच. म्हणून घर आवरायचे ते वासाच्या हिशेबाने.

इंदूरच्या मराठी घरात हा हिशेब जरा जड जातो. सकाळी पोहे, त्यावर शेव, जिरावन मसाला आणि चिरलेला कांदा. दुपारच्या चहाला लसूण शेव. सणाला श्रीखंड किंवा शिरा. कांदा आणि लसूण कच्चे असोत, तळलेले असोत की पूड केलेले, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यांनी फुटतात. परिणाम दोन ते पाच दिवसांनी दिसतो, त्यामुळे ‘खाल्ले पण काही झाले नाही’ हा निष्कर्ष त्याच संध्याकाळी काढू नका. बेदाणे आणि मनुका त्याहून वाईट. त्यांनी मूत्रपिंडे बंद पडू शकतात, आणि किती दाण्यांनी पडतील याचा नेम नाही. प्रसादाच्या शिऱ्यातले दोन-चार दाणेही त्यात आले. चॉकलेट, झायलिटॉल घातलेले बिनसाखरेचे च्युइंगगम, पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन आणि शिजवलेली हाडे हे उरलेले मानकरी. यात एक वस्तू बहुतेक याद्यांत नसते, पण पावसाळ्यात इंदूरच्या रस्त्याकडेला हमखास पडलेली सापडते: भुट्ट्याचे बुरकुंड. दाणे निरुपद्रवी, पण बुरकुंड पचत नाही आणि आतड्यात बुचासारखे अडकते. मग शस्त्रक्रियेशिवाय निघत नाही. आंब्याच्या कोयीचेही तेच.

म्हणून खालच्या फडताळांना लहान मुलांसाठी मिळतात तसली कुलपे लावून घ्या, फराळाचे डबे वरच्या फळीवर न्या, जेवण झाले की खुर्च्या टेबलात सरकवा. खुर्ची ही बीगलची शिडी आहे. ओल्या कचऱ्याचा डबा दाराआड किंवा बंद बाल्कनीत. पायाने उघडणारे झाकण त्याला चार दिवसांत उघडता येते. तरीही काही खाल्लेच, तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, त्याने रक्तातले मीठ वाढून वेगळाच जीवघेणा प्रकार होतो. काय खाल्ले, किती, किती वाजता, एवढे टिपून लगेच डॉक्टरांना फोन करा. पहिल्या दोन तासांत उलटी करवणे बहुधा जमते, नंतर अवघड.

आता फाटक. ज्या फटीतून पिल्लाचे डोके जाते, तिथून अख्खे पिल्लू जाते. गजांमधले अंतर पाच सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर खालच्या दोन फुटांना वेल्डेड जाळी तारेने बांधून घ्या. फाटकाखाली माती असेल तर फरशीचे तुकडे बसवा, कारण ही जात उकरते. पण कुत्रा पळतो तो बहुधा जाळीतून नाही, सकाळच्या कचरागाडीच्या वेळी. गाडीचे गाणे ऐकू आले की घरातले कोणीतरी दोन्ही हातांत डबे घेऊन फाटक कोपराने ढकलते, आणि पायांमधून पांढऱ्या टोकाचे शेपूट निघून जाते. यावर उपाय दोन दारांचा: घराच्या दाराला आतून तीन फुटांची लाकडी किंवा जाळीची आडकाठी बसवा आणि नियम ठेवा की दोन्हींपैकी एक कायम बंद. सुटलेल्या बीगलला हाका मारून उपयोग नसतो. नाक जमिनीला लागले की तो ऐकत नाही, आणि यात उद्धटपणा नाही, पिढ्यान्‌पिढ्या त्याच गुणासाठी त्याला पैदा केले आहे. मोकळ्या मैदानात पट्टा सोडून चालवण्याची हौस या जातीच्या बाबतीत सोडून द्यावी. गळपट्ट्यावर फोन नंबर कोरलेली पट्टी आणि डॉक्टरांकडून मायक्रोचिप, दोन्ही पहिल्याच महिन्यात करून घ्या.

खरेदी थोडीच आहे. छातीवर इंग्रजी वाय आकार येणारा हार्नेस घ्या. गळपट्ट्याला दोरी लावली की वासामागे ओढणाऱ्या कुत्र्याचा सगळा भार मानेवर येतो, आणि बीगलला मणक्याच्या चकतीचा त्रास होणाऱ्या जातींत धरतात. पट्ट्याखाली दोन बोटे जातील इतका सैल ठेवा आणि पिल्लू वाढत असताना दर आठवड्याला पुन्हा तपासा, नाहीतर काखेत घासून केस जातात. दोरी दीड ते दोन मीटरची साधी. आपोआप गुंडाळणारी दोरी नको, तिचा झटका अचानक बसतो. मैदानासाठी आठ-दहा मीटरची लांब दोरी वेगळी. पिंजरा ३० इंची, मध्ये सरकवता येणारी जाळी असलेला. पिल्लाला उभे राहून वळता येईल एवढीच जागा द्या. जास्त दिलीत तर तो एका कोपऱ्यात झोपतो आणि दुसऱ्यात शी करतो. फरशी पुसायला एन्झाइमचा क्लीनर. काळ्या फिनाइलमधली फिनॉल द्रव्ये चाटलेल्या पंजांवाटे पोटात जातात, आणि लघवीचा वास त्याच्या नाकासाठी तरीही उरतोच.

खाण्याच्या बाबतीत बीगलवर विश्वास ठेवायचा नाही. पोट भरले हे त्याच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नाही. पहिले दोन आठवडे पिल्लू जिथून आणले तिथलेच खाणे चालू ठेवा, मग आठवडाभरात थोडे थोडे बदला. एकदम बदलले की जुलाब. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीनदा, पुढे दोनदा. मोठा, नसबंदी झालेला, दहा किलोचा बीगल दिवसाला साधारण ६०० ते ६५० कॅलरींवर नीट राहतो. पिशवीवर १०० ग्रॅमला ३६० कॅलरी लिहिल्या असतील, तर हे १७० ग्रॅमच्या आसपास झाले. हे वाटीने नाही, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा. त्याच वाटीत सकाळी ७० ग्रॅम बसते आणि संध्याकाळी १०० ग्रॅम. वरखाणे दिवसाच्या दहाव्या हिश्शाच्या आत. तूप लावलेली एक पोळी म्हणजे त्याच्या दिवसाच्या खाण्याचा पाचवा-सहावा भाग, आणि घरात चार माणसे असली तर प्रत्येक जण अर्धीच देत असतो. म्हणून दिवसाचे सगळे खाणे सकाळी एका डब्यात काढून ठेवा. ज्याला लाड करायचे असतील त्याने त्याच डब्यातून करावेत. वजन ठीक आहे का ते बरगड्यांवरून पाहा: पाठीवर अंगठे ठेवून बोटे बाजूने फिरवा. हाताच्या पालथ्या बाजूच्या हाडांसारख्या बरगड्या लागल्या की बरोबर. दाबून शोधाव्या लागल्या तर डब्यातून दहा टक्के कमी करा.

कानांची सवय पहिल्या आठवड्यातच लावा. लांब, लोंबता कान म्हणजे झाकण. आत हवा जात नाही, शिवाय कुत्र्याची कर्णनलिका आधी खाली उतरते आणि मग आडवी वळते. पावसाळ्याच्या दमट हवेत तिथे यीस्ट वाढायला काही लागत नाही. आठवड्यातून एकदा कान उलटा करून आधी हुंगा. निरोगी कानाला मेणचट, सौम्य वास येतो. आंबलेल्या पिठासारखा वास आला, तपकिरी चिकट मळ दिसला किंवा कुत्रा डोके तिरके धरू लागला, तर घरी काही घालू नका, डॉक्टरांना दाखवा. पडदा फाटलेला असेल तर घरच्या घरी घातलेले औषध आतपर्यंत जाते. सगळे ठीक असेल तर कुत्र्याच्या कानाचे लोशन नलिका भरेल इतके सोडा, कानाच्या बुडाशी अर्धा मिनिट चोळा. आत पाण्याचा चुबुकचुबुक आवाज आला पाहिजे. मग हात काढा आणि त्याला डोके झाडू द्या. भिंतीवर शिंतोडे उडतात, त्यामुळे हे अंगणात केलेले बरे. वर आलेला मळ बोटाला कापूस गुंडाळून पुसा. काडी आत घालायची नाही, ती मळ वळणापलीकडे ढकलते.

डॉक्टर आधी ठरवा, पिल्लू नंतर आणा. रात्री कोण बसते तेही विचारून ठेवा. मोठ्या तपासण्यांसाठी महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकणे २०१७ च्या श्वानपैदास नियमांत बसत नाही, आणि नियम नसता तरी आईजवळ तेवढे दिवस न राहिलेले पिल्लू चावायचा अंदाज शिकत नाही. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत, रेबीजची पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर. जंताचे औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्याला, सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, पुढे तिमाहीला. त्याच घरात आधी पार्व्हो या विषाणूच्या आजाराने पिल्लू गेले असेल तर फिनाइलच्या भरवशावर राहू नका. फरशी आधी धुऊन, एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी दहा मिनिटे ठेवावे लागते. मातीच्या अंगणात तर तो विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. लशी पुऱ्या होईपर्यंत रस्त्यावर उतरवू नका, पण घरातही कोंडू नका: कडेवर घेऊन राजवाड्याची गर्दी, रिक्षांचे हॉर्न, शाळा सुटण्याची वेळ दाखवा. पहिले तीन-साडेतीन महिने जे पाहिले त्याची भीती पुढे कमी असते.

गोचिडांची गोळी लिहून घेताना घराण्यात कोणाला फिट येत होती का ते डॉक्टरांना सांगा. बीगलमध्ये फिट येण्याचे प्रमाण बरेच आहे, आणि फ्लुरालॅनर, अफोक्सोलॅनर या गटातली औषधे अशा कुत्र्यांना जपून देतात. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात लाल वाटाण्यासारखे काही फुगले तर तो चेरी आय. चोळू नका, एक-दोन दिवसांत दाखवा. वर्षाच्या आतबाहेरचा कुत्रा मान आखडून, तापाने फणफणून बसला तर मात्र त्याच दिवशी न्या.

मे महिन्यात फेरी सकाळी सातच्या आत आणि रात्री नऊनंतर. माळव्याची रात्र लवकर निवते, डांबर नाही. हाताची पालथी बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवून पाहा, चटका बसला तर फेरी नको. धाप थांबत नाही, हिरड्या गडद लाल, गुदद्वारातले तापमान १०४ फॅरनहाइटच्या वर, असे झाले तर आधी साध्या पाण्याने भिजवून पंख्याखाली घ्या, मग गाडी काढा. रंगपंचमीच्या गेरीला (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीला), अनंत चतुर्दशीच्या झांक्यांना आणि दिवाळीला आतली खोली, बंद खिडक्या आणि फेरी गोंगाट सुरू व्हायच्या आधीच. घाबरण्यावरचे औषध हवे असेल तर डॉक्टरांकडून आठवडाभर आधी, माणसांची झोपेची गोळी नाही.

घर रोज आठ तास रिकामे राहणार असेल, तर ही जात घेऊ नका. हा टोळीचा कुत्रा. एकटा पडला की भुंकत नाही, लांब सूर लावून रडतो, आणि तो आवाज शेतापलीकडे पोचावा म्हणूनच घडवलेला आहे. सुदामा नगरच्या भिंतीला भिंत लागलेल्या घरांत तो तीन घरे ओलांडतो. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, आणि शी उचलायच्या पिशव्या दोरीलाच बांधा. ती पिशवी कुठल्या डब्यात टाकायची ते कचरागाडीवाल्याला पहिल्याच दिवशी विचारा.

पिल्लू सकाळी आणा, म्हणजे रात्रीआधी घर ओळखीचे होते. निघण्याआधी तीन तास खाणे नको, गाडीत ओकते. आईच्या अंगाखालचे एखादे फडके मागून घ्या आणि पिंजऱ्यात अंथरा. पिंजरा पहिले दोन आठवडे तुमच्या पलंगाशेजारी, हात खाली सोडला की जाळीला लागेल इतका जवळ. दोन महिन्यांचे पिल्लू रात्री तीन तासांवर लघवी धरत नाही, म्हणून एक आणि चारचा गजर लावा. दिवा मोठा लावू नका, बोलू नका, खेळू नका. लघवीसाठी ठरवलेल्या एकाच कोपऱ्यात न्या, झाले की त्याच्या खाण्यातला एक दाणा द्या आणि परत आत.